घरबसल्या डिग्री, पेपरला मात्र नाशिक

संपादक साहेब, नमस्कार.

मी अमळनेरचा, जळगावला एका डाळ मिलमधे अकाउंट्स बघतो, रोज रेल्वेनी अपडाऊन. बीकॉम होऊन अकरा वर्षं झाली, मागच्या वर्षी हिंमत करून ऑनलाईन एमकॉमला ॲडमिशन घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, नोकरी सांभाळून घरबसल्या शिका.

आता घरी बसायला वेळ कोणाला आहे! लेक्चर गाडीतच ऐकतो. धरणगावच्या पुढे रेंज गेली की सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं, म्हणून रात्रीच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतो आणि सकाळी दीडच्या स्पीडनी लावतो. रोजच्या ग्रुपवाले विचारतात, काय करी ऱ्हायना भो, पिक्चर देखी ऱ्हायना का? असाइनमेंटची शेवटची तारीख हमखास २० च्या आसपास येते, आणि अकाउंट्सवाल्याला विचारा २० तारीख म्हणजे काय, त्या दिवशी जीएसटीचं थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं, शेठ खुर्चीमागे उभे असतात. पण ते जमतं, रात्री जागून होतं, त्याची तक्रार नाहीये.

तक्रार पेपरची आहे. हॉल तिकीट आलं तर सेंटर नाशिक! चार पेपर, एक दिवसाआड, तेही कामाच्या दिवशी. अमळनेर सुरत लाईनवर, म्हणजे आधी जळगाव, तिथून गाडी बदलून नाशिकरोड, मग लॉज, जेवण, आणि आठवडाभराची सुट्टी. मधल्या दिवशी लॉजवर बसून लॅपटॉपवर ऑफिसची बिलं केली. पेपर कसला म्हणाल तर कॉम्प्युटरवर बसून द्यायचा. तो जळगावला का नाही देता येत? आपल्याकडे १९९० पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, अमळनेरचं प्रताप कॉलेज तर १९४५ चं, धुळे, नंदुरबार, शिरपूर सगळीकडे कॉलेजं आहेत. रविवारी एक लॅब भाड्यानी घेतली तरी आमच्यासारख्यांचं काम होईल. नोकरीवाल्यांसाठी कोर्स काढता ना, मग पेपर शनिवार-रविवारी ठेवा की.

वर लोकांचे टोमणे वेगळेच. ऑनलाईन डिग्रीला कोण विचारतं म्हणे. अहो यूजीसीनी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानी, सप्टेंबर २०२२ मधे स्पष्ट सांगितलंय की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाईन किंवा डिस्टन्सची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची. फक्त ॲडमिशनच्या आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साईटवर त्या संस्थेचं आणि त्याच कोर्सचं नाव आहे का ते बघायचं, नुसत्या एजंटच्या फोनवर भरवसा ठेवायचा नाही, आणि फी भरायच्या आधी सेंटर कुठे कुठे आहेत ते लेखी मागायचं. हे शेवटचं मी केलं नाही, त्याचे पैसे आता लॉजवाल्याला देतोय. मिलमधल्या दोन पोरींना पुढे शिकायचंय, पण नाशिकला आठवडाभर एकटं राहायचं म्हटल्यावर घरून सरळ नकार आला. त्यांची ॲडमिशन तिथेच राहिली.

पुढच्या सेमिस्टरच्या आत सेंटरचं काही होतं का बघा, तुमच्या पेपरमधे आलं तर कोणीतरी वाचेल. आणि साहेब, पत्र छापलं तर माझं नाव टाकू नका, त्या आठवड्याची सुट्टी मी शेठला मामेबहिणीचं लग्न सांगून घेतली होती.

एक अपडाऊनवाला, अमळनेर