रेडिओचा वार्ताहर तालुक्यातलाच हवा

संपादक महोदय, नमस्कार.

आमच्या भागातून आकाशवाणीला बातम्या देणारे एक वार्ताहर वयोमानाप्रमाणे आता काम थांबवतायत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, पण गोव्यातल्या आमच्या साखळी-केरी भागात कुणालाही विचारा, लगेच सांगतील. पेपरातल्या पत्रकाराचं बातमीवर नाव येतं, टीव्हीवाल्याचा चेहरा दिसतो, रेडिओच्या वार्ताहराचं यातलं काहीच नसतं, त्यानं धावपळ करून जमवलेली बातमी पणजीच्या स्टुडिओत दुसरंच कुणीतरी वाचतं. म्हणून निदान तुमच्या पेपरात तरी त्यांच्या कामाबद्दल चार ओळी याव्यात असं मनापासून वाटलं.

काम अंशकालीन, पगार नाही, मानधन. दिवसभर आपला पोटापाण्याचा धंदा सांभाळायचा आणि रविवारी लोक घरी आराम करतात तेव्हा हे ग्रामसभेत कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसलेले. तीन तास चाललेलं भांडण पाच-सहा वाक्यांत बसवायचं, कारण प्रादेशिक बातमीपत्राला मिनिटं मोजकीच आणि त्यात पेडणेही आलं पाहिजे आणि काणकोणही.

खरं काम दिसायचं ते पावसाळ्यात. अंजुणे धरण भरत आलं की साखळी बाजारातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, कारण धरणाचे दरवाजे उघडले आणि वर घाटात पाऊस चालूच असला की वाळवंटी नदी फुगते. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर कुठल्या तरी जुन्या पुराचे व्हिडिओ फिरायला लागतात, दुकानदार माल माळ्यावर चढवायला धावतात. हे मात्र आधी धरणावर फोन करणार, दरवाजे किती उघडले, पाणी कधीपासून सोडलं, मग मामलेदार कार्यालयात विचारणार, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून नदीकाठच्या ओळखीच्या माणसाला विचारणार की पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय. तिन्ही जुळलं तरच बातमी पुढे. केरीची बातमी असली की दर वेळी ‘सत्तरी तालुक्यातील केरी’ असंच लिहायचे, कारण पेडण्यातही केरी आहे आणि फोंड्यातही, आणि चोर्ला घाटात दरड पडली तर घाबरायचं कुणी हे ऐकणाऱ्याला कळायला नको? पणजीत बसलेल्या माणसाला हे सुचेलच असं नाही, त्यात त्याची चूक नाही, तो इथला नाही एवढंच.

2021 च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला, लोकांची घरं पडली, त्या दिवसांत असा माणूस किती उपयोगी पडतो ते आम्ही बघितलं.

काही जण म्हणतील आता मोबाइल आहे, रेडिओ कोण ऐकतो. आमच्याकडे ऐकतात. वीज गेली, रेंज गेली की सेलवरचा रेडिओच चालतो. प्रायव्हेट एफएमही ऐकतो आम्ही, गाणी छान असतात, पण त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच आणि जशाच्या तशा. कम्युनिटी रेडिओचंही जवळपास तेच. मग रेडिओवर गावची बातमी येणार कुठून? एकट्या आकाशवाणीकडून. आणि गोंयकाराला रेडिओची किंमत वेगळी सांगायला नको, पोर्तुगीज अमदानीत 1955 ते 1961 वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानात राहून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं ते खरी बातमी लोकांपर्यंत जावी म्हणूनच ना! लिबियाबाईंना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा किती बरं वाटलं.

म्हणून आकाशवाणीला हात जोडून विनंती आहे की या जागेवर नवा माणूस घेताना तो आमच्या भागातलाच बघा. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेची प्रेसनोट सगळ्यांनाच जाते, त्यासाठी इथे माणूस नको. धरणावर कुणाला फोन करायचा, पंचायतीत खरं कोण सांगतो, हे ठाऊक असलेला हवा, आणि मानधन असं द्या की पेट्रोल घालून तरी काही उरेल. तरुण मुलं-मुली आहेत आमच्याकडे, शिकवायला हे स्वतः तयार आहेत.

अजून एक. त्यांच्या घरी हातानं लिहिलेल्या बातम्यांच्या फायली आहेत. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर ट्रकांचे हप्ते कसे थकले, गॅरेजं आणि छोटी हॉटेलं कशी बंद पडली, हे गावागावाच्या नावानिशी त्यांत आहे. दरवर्षी पावसात कागद दमट होतात, वाळवीची भीती आहेच. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयानं त्या फायली मागून घ्याव्यात आणि स्कॅन कराव्यात, ते द्यायला तयार आहेत, पोचवायची व्यवस्था आम्ही गावकरी करू.

आपला,
एक वाचक, साखळी