आई, क्यूआर तुझ्या नावावर करून घे

प्रिय आई,

फोनवर नेहमी घाई होते आणि हे बोलायचं राहूनच जातं म्हणून लिहून पाठवतेय, दुपारी डबे गेले की निवांत वाच.

इथे नैरोबीत आमच्या बिल्डिंगखाली एक भाजीवाली बसते, अशा बायकांना सगळे मामा म्बोगा म्हणतात, मामा म्हणजे आई आणि म्बोगा म्हणजे भाजी. तिचा फोन साधा बटणांचा, नेट नाही काही नाही, तरी मी पैसे फोनवरूनच देते आणि तिला लगेच मेसेज येतो. त्याला एम-पेसा म्हणतात, आपला पैसाच गं तो. २००७ मध्ये सफारीकॉम या इथल्या मोबाईल कंपनीने सुरू केलं. आपल्या यूपीआयला बँकेत खातं लागतं, इथे तेही लागत नाही, कोपऱ्यावरच्या हिरव्या दुकानात एजंटकडे रोकड दिली की फोनमध्ये जमा, आणि गावाला आईबाप तिथल्या एजंटकडे जाऊन पिन टाकून नोटा घेतात. त्याआधी शहरात कामाला आलेली माणसं बसवाल्याच्या हातात घरचे पैसे द्यायची, पोचले तर पोचले. मला आपले आजोबाच आठवले, मिलचा पगार झाला की मनीऑर्डर करायचे आणि तिकडे कणकवलीला आजी पोस्टमनची वाट बघत बसायची.

फुकट नाही हां हे, पाठवायला आणि काढायला चार्ज पडतो, त्या बाबतीत आपलं यूपीआय खूपच बरं. आणि फोनवर पटकन कर्ज मिळतं त्यात बरेच जण अडकतात, ते मला अजिबात आवडत नाही.

पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी एम-पेसाचा अभ्यास केला होता, २०१६ ला छापून आला, त्यात म्हटलंय की यामुळे केनियातली सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं गरिबीतून वर आली, आणि १ लाख ८५ हजार बायका शेतीतून निघून धंद्याकडे वळल्या. जास्त फायदा बाईच्या जिवावर चालणाऱ्या घरांना झाला. मला वाटतं पैसा स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या पिनमागे असला की थोडा शिल्लक राहतो, आणि अडचणीत लांबचा भाऊसुद्धा त्याच दिवशी पाठवू शकतो.

आता तुझं बघ. पहाटे चारला उठून पोळ्या तू लाटतेस, अख्ख्या लालबागला तुझे डबे माहितीयेत, पण क्यूआर दादाच्या खात्याचा. दादा एक पैसा ठेवून घेत नाही हे मला माहितीये गं, पण गॅस भरायचा तरी तू त्याला विचारतेस आणि महिन्याला किती सुटले ते तुला सांगता येत नाही.

वहिनीला घेऊन बँकेत जा, आधार आणि पासबुक ने, तुझा नंबर खात्याला जोडून घे, आणि क्यूआर त्याच खात्याचा करून घे. पिन कोणालाच सांगू नकोस, मलापण नाही. मग वहिनीला एक रुपया पाठवून बघायला सांग, मेसेज तुझ्या फोनवर आला की मला लगेच कळव, मी वाट बघतेय.

तुझीच,
मनू