रंगभूषा गटासाठी सूचना : ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला जीव

सर्वांना नमस्कार. शनिवारी पहिली रंगभूषा चाचणी आहे. येण्याआधी मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीतला, तो जीव पहिल्यांदा डोळे उघडतो तेवढा भाग तरी प्रत्येकाने वाचावा. आतापर्यंत आलेली बहुतेक रेखाटनं १९३१ च्या चित्रपटावरून उचललेली आहेत: चपटं डोकं, मानेत बोल्ट. ती जॅक पिअर्स या रंगभूषाकाराची करामत. कादंबरीत यातलं काहीच नाही.

तिथे आहे ती पिवळी त्वचा, खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकणारी. लांब चकचकीत काळे केस, मोत्यासारखे दात, पाणावलेले फिकट डोळे, सरळ काळे ओठ. केस आणि दात देखणे आहेत म्हणूनच बाकीचा चेहरा अंगावर येतो. तेव्हा दात किडके रंगवू नका. हिरवा रंग तर डब्यातच राहू दे!

शिरांसाठी शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं बघा. निळा-जांभळा आधी, त्यावर पिवळ्याचा पातळ थर. उलट केलंत तर चेहऱ्याचा नकाशा होतो.

लेटेक्स (त्वचेवर लावायचं पातळ रबर) किंवा स्पिरिट गम (त्वचेवर वस्तू चिकटवायचा डिंक) वापरणार असाल तर आदल्या दिवशी नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघणं सक्तीचं आहे. सुधारित रेखाटनं शुक्रवारी रात्रीपर्यंत गटावर टाका.