रतनगडाखालच्या मामांना

मामा, सा. न. वि. वि.

भातकापणी झालेल्या तुमच्या खाचरांत आम्हा मुंबई, पुणे, नाशिकच्या मंडळींना तुम्ही बुशक्राफ्टसाठी, म्हणजे रानात मोजक्या साधनांनी राहायला शिकण्यासाठी, मुक्काम करू दिलात, त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. ‘बुशक्राफ्टच्या कॅम्पला एकटीने जाऊ का? तिथे करतात तरी काय?’ असं मुली मला विचारतात. त्यांना द्यायचं उत्तर मला तुमच्याकडे मिळालं.

तिथे शिट्टी नव्हती, प्रशिक्षक नव्हता, फी नव्हती. शिधा आणि तुमचा खर्च वाटून घ्यायचा, एवढंच ठरलेलं. कोणी ताडपत्री ताणत होतं, कोणी लाकडाचा चमचा कोरत होतं, कोणी नुसतं उन्हात पडून होतं. शेजारी जाऊन बसलं की हातातलं काम माणूस आपणहून दाखवायचा. गप्प राहिलं तरी चालायचं. बुजऱ्या माणसाला याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

तंबू कुठे टाकायचे असं विचारल्यावर तुम्ही ओढ्याकडचं सपाट खाचर सोडून वरचं दाखवलंत. “खाली गारठा बसतो,” एवढंच म्हणालात. गार हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळते आणि खोलगटात साचते. पुस्तकात वाचलेलं ते पहाटे अंगाला कळलं: खालच्या खाचरात दहिवर दाट होतं, वर आम्ही बऱ्यापैकी कोरडे. आणि अंथरुणाखाली तुम्ही दिलेला पेंढा! उघड्यावर झोपताना अंगाची ऊब खालची जमीनच जास्त ओढून घेते. नव्या माणसाने महागड्या स्लीपिंग बॅगेआधी खाली काय अंथरायचं याचा विचार करावा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

विस्तवाबद्दल तुम्ही कडक होतात, आणि ते मला फार आवडलं. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. अभयारण्यात आग लावायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. म्हणून वनरक्षकांना आधी सांगून ठेवलेलं, चूल एकच आणि तीही तुमच्या अंगणात, ओल्या फांदीला हात लावायचा नाही. कारवीच्या वाळक्या काड्या, त्यावर चिरलेलं जाड लाकूड. बाहेरून दमट असलेला ओंडका फोडला की आतला गाभा कोरडा निघतो, हे तुम्ही न बोलता दाखवलंत. निघताना राखेत पाणी ओतून, ढवळून, हाताचा पालथा पंजा टेकवून पाहायला लावलंत. गार लागेपर्यंत कोणी सॅक उचलली नाही.

कोयत्याचंही तसंच. हातभर अंतरात कोणी उभं असेल तर तुम्ही कोयता कमरेच्या आकडीला अडकवायचात आणि तो माणूस बाजूला होईपर्यंत थांबायचात. दुसऱ्याला देताना मूठ पुढे. आमच्यातल्या एका पोराने नवा कोरा चाकू आणला होता. तुमच्याकडे पाहून पाहून संध्याकाळपर्यंत तोही सावकाश हात चालवायला लागला.

मामींचे आभार वेगळे मानते. बायकांनी शौचाला कुठे जायचं, हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही आणि त्यापायीच पुष्कळजणी घरी राहतात. मामींनी स्वतः नेऊन ओढ्यापासून लांबची जागा दाखवली, कुदळ हातात दिली, खड्डा वीतभर खोल खणून बुजवायला सांगितलं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचू असतो, हेही त्यांनीच बजावलं.

मामा, ओसरीवर घायपाताचा वाख टांगलेला पाहिला होता. पुढच्या हिवाळ्यात आम्ही येऊ तेव्हा त्याचा दोर वळायला शिकवाल का? आमच्यातल्या चौघांनी आत्तापासूनच विचारून ठेवायला सांगितलं आहे. येताना मामींसाठी काय आणू, तेवढं कळवा.

तुमची पुण्याची भाची