धोका दिसतो, पण त्याची नोंद होत नाही

महोदय,

मनमाडजवळचे पानेवाडी, पुण्याजवळचे लोणी काळभोर, उरण, न्हावा-शेवा, वडाळा, शिवडी, माहुल. महाराष्ट्रातल्या इंधनाचे मोठे साठे अशा मोजक्या ठिकाणी आहेत. त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या उसा-कांद्याच्या शेतांखालून आणि वस्त्यांच्या मागच्या अंगाने गेल्या आहेत. त्यांच्या सुरक्षेवर लिहिले जाते ते बहुधा स्फोट झाल्यावर. आम्हाला त्याआधीच्या दिवसांबद्दल लिहायचे आहे. बऱ्याच मोठ्या दुर्घटनांत कुणाला तरी आधी काहीतरी दिसलेले असते किंवा वास आलेला असतो. ती खबर योग्य माणसापर्यंत लेखी पोहोचत नाही, घोडे तिथेच पेंड खाते.

इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेल डेपोचा दाखला डेपोत काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवा. 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे तिथली 912 क्रमांकाची पेट्रोलची टाकी भरून वाहू लागली. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल सांडले, वाफेचा ढग पेटला आणि 43 जण जखमी झाले. रविवारची पहाट होती म्हणूनच कुणी दगावले नाही. टाकीची पातळी दाखवणारे गेज अडकले होते, पण ते काही पहिल्यांदा नव्हे. ऑगस्टअखेर दुरुस्तीनंतर टाकी वापरात आली, तेव्हापासून ते 14 वेळा अडकले होते. कधी पर्यवेक्षक गेज पूर्ण वर घेऊन पुन्हा खाली सोडत आणि ते चालू लागे, कधी ठेकेदाराला बोलावले जाई. काही वेळा नोंद झाली, काही वेळा नाही. टाकी काठोकाठ येताच आवक थांबवणारे, शेवटचा आधार असलेले स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही निकामी होते, कारण त्याच्या चाचणीचा दांडा जागेवर धरणारे कुलूप बसवलेलेच नव्हते. ते कुलूप कशासाठी असते, हे तिथल्या लोकांना माहीत नव्हते. या 14 घटना एकाच वहीत एकाखाली एक लिहिल्या असत्या, तर गेज बदलायला कुणा तज्ज्ञाचा सल्ला लागला नसता.

आपल्याकडे 29 ऑक्टोबर 2009 रोजी जयपूरच्या सीतापुरा इंधन टर्मिनलमध्ये व्हॉल्व्ह उघडण्याचा क्रम चुकला आणि वाहिनी मध्येच पक्की बंद करणाऱ्या ‘हॅमर ब्लाइंड’ व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडातून पेट्रोल उसळू लागले. सुमारे सव्वा तास ते वाहत राहिले, मग स्फोट झाला. अकरा जणांचा जीव गेला, टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. सव्वा तास हा थोडा वेळ नाही. पण टाकीचा व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून बंद करण्याची सोय बऱ्याच काळापासून चालू नव्हती, आणि वाफेत शिरायला श्वसनयंत्र हाताशी नव्हते. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीच्या अहवालानंतर देशभरच्या टर्मिनलमधली व्हॉल्व्हची रचना बदलली गेली, हे चांगलेच झाले. मात्र व्हॉल्व्ह दुरून बंद होत नाही ही गोष्ट तिथे रोज काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिची सवय झाली होती, खरा धोका या सवयीत आहे.

डेपोच्या आत म्हणूनच पुढच्या गोष्टी दिसल्या की त्या ‘किरकोळ’ समजू नयेत. टाकीत तेल येत असताना गेजचा आकडा हलत नाही. हाय-लेव्हल अलार्म सारखा वाजतो म्हणून तो बंद ठेवला आहे. मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह ‘लोकल’वर टाकून ठेवला आहे, म्हणजे नियंत्रण कक्षातून आज्ञा दिली तरी तो हलणार नाही. टाकीभोवतीच्या डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह पावसाचे पाणी काढायला उघडला आणि बंद करायचा राहिला. डाइकची भिंत टाकी फुटली तर तेल अडवण्यासाठी असते. हा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर तेल थेट नाल्यात जाते आणि भिंत असून नसल्यासारखी होते. कोकणातल्या पावसात आणखी एक गोष्ट घडते : फ्लोटिंग रूफवरचे, म्हणजे तेलावर तरंगणाऱ्या छतावरचे, पाणी वाहून नेणारी नळी तुंबते, छतावर पाणी साचते आणि छत एका बाजूला कलते. टँकर भरण्याच्या गॅन्ट्रीवर स्थिर वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा चिमटा रंगावर किंवा गंजावर लावला तर तो लावूनही उपयोग नसतो, धातूला धातू लागला पाहिजे. वायूची चाचणी न करता दिलेले वेल्डिंगचे परमिट तर सरळसरळ गुन्हाच मानायला हवा.

तक्रार लिहिताना ‘यंत्रणा धोकादायक आहे’ असे लिहिले की ती फायलीत जाऊन बसते. उदाहरणादाखल असे लिहावे : ‘टाकी क्रमांक 6, दुपारी 2 ते 3 तेल येत असताना रडार गेजचा आकडा 8.42 मीटरवर स्थिर. हाताने मोजपट्टी सोडून डिप घेतली तेव्हा 9.10 मीटर, महिन्यातली ही तिसरी वेळ, शिफ्ट प्रभारींना 3 वाजून 10 मिनिटांनी सांगितले.’ यात उपकरण, वेळ, फरक, किती वेळा आणि कुणाला सांगितले हे सगळे आले. अशी नोंद शिफ्टच्या लॉगबुकात करावी, कामाच्या परमिटवर शेरा लिहावा आणि परमिटच्या प्रतीचा फोटो जवळ ठेवावा. (फोन आत नेता येत नाही हे मान्य. बाहेर आल्यावर डायरीत लिहून ठेवले तरी चालते.)

कंत्राटी कामगार गप्प का राहतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो. भोपाळनंतर, 1987 मध्ये, फॅक्टरी कायद्यात आलेल्या कलम 41-एच ने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला एक हक्क दिला : संकट जवळ आले आहे अशी रास्त शंका आली तर त्याने ते व्यवस्थापनाला सांगावे आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकांनाही कळवावे. मग ताबडतोब उपाय करणे आणि निरीक्षकांना अहवाल पाठवणे मालकावर बंधनकारक. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हा हक्क ठेवला आहे. ‘त्याच वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधी साहेबांना सांगून महिनाभर वाट पाहा, असे कायदा म्हणत नाही. महाराष्ट्रात हे निरीक्षक म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी. टाक्यांच्या परवान्याचा प्रश्न असेल तर पेसो, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे.

आता कुंपणाबाहेरचे. शेतकऱ्यांचा एक समज आधी दूर करायला हवा : गॅस गळला की वास येतोच. स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, कारण त्यात मर्कॅप्टन मिसळलेले असते. लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिनीतल्या नैसर्गिक वायूला बहुतेकदा वास नसतो; तो शहराच्या वेशीवर, वितरणाआधी घातला जातो. त्यामुळे नाकापेक्षा डोळ्यांवर आणि कानांवर भिस्त ठेवावी. शिट्टीसारखा किंवा फुत्काराचा आवाज, जमिनीतून उडणारी माती, चिखलात किंवा ओढ्यात सतत येणारे बुडबुडे, वाहिनीच्या रेषेत पिवळा पडलेला पिकाचा पट्टा, पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग, विहिरीच्या पाण्याला येणारा पेट्रोलचा वास : यांतले काहीही दिसले तरी कळवावे. आंध्र प्रदेशातल्या नगरम येथे 27 जून 2014 च्या पहाटे 18 इंची वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या वायूसाठीच्या नळातून ओला वायू वाहत राहिल्याने तो आतून गंजला होता. गळतीबद्दल आपण आधीच सांगितले होते, असे गावकऱ्यांनी तेव्हा बोलून दाखवले होते.

बोअर, शेततळे, पाण्याची लाइन, केबल यांसाठी जेसीबी लावताना बकेटचा दात नळाला घासला, तर माती लोटून निघून जाण्याची पद्धत पडली आहे. तेल गळत नाही ना, मग काय झाले? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम येथे 1994 मध्ये खोदकामात एका पेट्रोलवाहिनीला असाच मार बसला होता. ती 10 जून 1999 रोजी, पाच वर्षांनी, त्याच ठिकाणी फुटली. सुमारे 9 लाख लिटर पेट्रोल ओढ्यात गेले आणि तीन मुले दगावली. ओरखड्याने वरचे आवरण फाटते, गंज सुरू होतो आणि धातूत पडलेली खाच दाबाच्या चढउताराबरोबर हळूहळू खोल जाते. म्हणून नुसता ओरखडा पडला तरी खड्डा उघडाच ठेवून कंपनीला बोलवावे. सरकारने 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप खास खोदणाऱ्यांसाठीच आणले आहे. वाहिनीचा पट्टा आपल्या गटातून जातो की नाही, हे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पाहता येते.

गळती दिसल्यावर पहिला फोन कुणाला? वाहिनीच्या मार्करवर, म्हणजे तिच्या मार्गावर उभ्या केलेल्या खुणेच्या खांबावर, लिहिलेल्या नंबरवर. आधी पोलीस किंवा अग्निशमन दल नव्हे, कारण व्हॉल्व्ह बंद करणे फक्त कंपनीच्या नियंत्रण कक्षाच्या हातात असते. त्यानंतर लगेच 112 किंवा 101 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. घरगुती एलपीजीसाठी 1906. फोनवर मार्करवरचा किलोमीटर क्रमांक, गाव, गट नंबर, काय दिसते, केव्हापासून आणि वारा कुठून कुठे वाहतो एवढे सांगावे. हा फोन गळतीजवळून करू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने, चढावर, निदान दोनशे-तीनशे मीटर दूर जाऊन करावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती नाल्यातून आणि सखल वाटेने सरकत जाते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आले की ठिणगी पुरेशी होते. जवळ उभी असलेली मोटरसायकल सुरू करू नये, चालू पंपाचे बटण बंदही करू नये. सांडलेले पेट्रोल कॅनमध्ये भरायला जाणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो, अडवावेच लागते.

तेलचोरीची खबर हा वेगळा आणि अवघड भाग. चोर चालू वाहिनीवर नळकांडे वेल्ड करतात, भोक पाडतात आणि होज पुरून लांबच्या भाड्याच्या शेडपर्यंत नेतात. ताजी उकरलेली माती, रात्री येणारे टँकर, शेडला सदैव कुलूप ही त्याची चिन्हे. पानेवाडीजवळ 25 जानेवारी 2011 रोजी भेसळखोरांना हटकणारे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची ही गत झाल्यावर गावातला माणूस नाव सांगून खबर देईल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? खबर देणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये केला, तो अजून अमलात आलेला नाही. केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते, पण ती भ्रष्टाचाराची. नादुरुस्त गेजची नव्हे. तोवर वाहिनीच्या मार्गावर पायी गस्त घालणाऱ्या लाइन वॉकरला तोंडी सांगणे किंवा मार्करवरच्या नंबरवर नाव न सांगता किलोमीटर क्रमांक देणे, हेच त्यातल्या त्यात सुरक्षित आहे.

कंपन्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती गटांकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. मार्करवरचा नंबर ठळक, मराठीत आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवलेला हवा. आज अनेक ठिकाणी तो वाचताच येत नाही. प्रत्येक फोनला तक्रार क्रमांक मिळावा आणि काय केले ते 48 तासांत तक्रारदाराला कळवावे. कंत्राटी कामगाराचा गेटपास रद्द करायचा असेल, तर त्याने मागच्या तीन महिन्यांत सुरक्षेची नोंद केली होती का, हे आधी तपासावे. केली असेल तर रद्द करण्याचे कारण निरीक्षकांना लेखी द्यावे.

– इंधन साठवण व पाइपलाइन क्षेत्रात काम केलेले काही अभियंते, नवी मुंबई