आईच्या योगाच्या बाईंना, मनापासून थँक्यू

बाई, नमस्कार.

हे तुम्हाला समोर उभं राहून सांगायला गेले होते पण तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या बॅचकडे वळलात आणि माझाही गळा दाटून आला, म्हणून लिहूनच टाकते. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण गुडघे धरून बसलेली आई काही फक्त आमच्याच घरात नाही.

आधीचं थोडं सांगते, म्हणजे माझा राग कुणावर आहे ते कळेल. बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली, बीपी वाढलं, गुडघे तर आधीपासूनच कुरकुरत होते. आमची बिल्डिंग कन्नमवार नगरातली जुनी, लिफ्ट नाही, त्यामुळे हळूहळू तिचं खाली उतरणंच बंद झालं. आणि घरात दुखणं आहे म्हटल्यावर सल्ले देणाऱ्यांना काय तोटा! कुणी चुंबकाचा पट्टा आणून दिला, कुणी रोज ज्येष्ठमधाचा काढा घ्यायला सांगितला, कुणी सकाळी उपाशीपोटी दुधीचा ज्यूस, आणि कडू लागला तरी नाक दाबून प्या, कडू तेच खरं औषध, हे वर. अहो, कडू दुधीचा रस विषारी असतो, त्याने माणसं दगावलीत, कडू लागला तर थेंबही घेऊ नका असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीने स्पष्ट सांगितलंय, आणि आपल्या आज्या दुधी चिरताना आधी तुकडा चाखून बघायच्या त्या काय उगाच? ज्येष्ठमधही रोजच्या रोज भरपूर पोटात गेला तर बीपी चढतं. बीपीच्या पेशंटला हे सांगताना एकानेही, एकानेही विचारलं नाही की तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत.

मग ते वेलनेस सेंटर. एसी, मंद म्युझिक, सगळे गोड बोलणारे. आईचे पाय मशीनच्या टबात ठेवले, थोड्या वेळात पाणी तपकिरी झालं, म्हणाले बघा आजी, शरीरातलं किती विष निघालं. ते मिठाचं पाणी असतं, त्यात लोखंडाच्या पट्ट्या असतात, करंट सोडला की त्या गंजतात, पाय घाला नाहीतर घालू नका, पाणी तपकिरी होणारच. त्याचे पैसे घेतले ते घेतले, ते जाऊ दे. पण बीपीची गोळी हळूहळू सोडा, ती शरीरात घाण साठवते असं त्यांनी आईला सांगितलं, आईने विश्वास ठेवला, आणि एका रात्री तिचं डोकं असं दुखायला लागलं की शेजारच्या दादांनी तिला धरून खाली उतरवलं आणि रिक्षाने दवाखान्यात नेलं. मी जाब विचारला तर म्हणे हा हीलिंग क्रायसिस आहे, म्हणजे बरं होताना आधी त्रास वाढतोच, चांगलं लक्षण आहे! माझा संताप अजून गेलेला नाही. आणि त्याआधीच्या डॉक्टरांनी तरी काय केलं होतं, मान वर न करता "वय झालं, वजन कमी करा", झालं. माणूस असल्या सेंटरांकडे वळतो तो अशाच वागण्यामुळे, हे माझं ठाम मत आहे.

तर अशी सगळीकडून मार खाल्लेली आई शेजारच्या वहिनींच्या आग्रहाने तुमच्या क्लासला आली होती, सोसायटीच्या हॉलमध्ये. मी सोबत होते. सगळ्या जणी मॅटवर बसलेल्या, आईला खाली बसता येत नाही, ती दारातच थांबली आणि मला हळूच म्हणाली चल जाऊ या, मी इथे शोभत नाही. तुम्ही ते ऐकलंत की नुसतं बघून ओळखलंत, मला माहीत नाही. काही न बोलता कोपऱ्यातली लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचललीत, तिच्यावर कबुतरांनी केलेली घाण स्वतःच्या रुमालाने पुसलीत, खुर्ची भिंतीला टेकवलीत, पाय सरकू नयेत म्हणून खाली मॅट घातलीत, हाताने दाबून हलते का बघितलंत. आणि मग दुसरी खुर्ची आणून स्वतः तिच्यावर बसलात आणि त्या दिवशीचा अख्खा क्लास खुर्चीवर बसूनच घेतलात. बाकीच्यांना म्हणालात, आज सगळ्यांनी खुर्चीवरचं शिकून घ्या, घरी सासूबाईंना शिकवाल. आईकडे एकदाही वळून बघितलं नाहीत, मुद्दाम, म्हणजे तिला वाटायला नको की हे तिच्यासाठी चाललंय.

बाई, मला ते बघूनच रडू आलं. आईला घरात आम्ही सगळे सांभाळतच होतो पण सांभाळताना तिला आजारी करून ठेवलं जात होतं, आणि तुम्ही तिला चारचौघींत बसवलंत.

नंतरचं सगळं त्यातूनच आलं. बसल्या बसल्या पाय सरळ करून मांडी आवळायची, घोटे फिरवायचे, मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो हे तुम्ही तिला तिच्या भाषेत सांगितलंत. झोपायच्या आधी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज काढत सावकाश श्वास सोडायचा. ती कपालभाती करायचीच म्हणून हटून बसली होती कारण टीव्हीवर बघितलेलं, तर तुम्ही बीपी आहे तोवर नाही म्हणजे नाही असं सांगितलंत, आणि गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही हे बजावलंत. तुम्ही सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलात हे मला फार नंतर कळलं, 1918 साली श्री योगेंद्रजींनी ती संस्था काढली तीच मुळी संसारी माणसासाठी, गुहेत बसणाऱ्यांसाठी नाही. तुमच्याकडे बघून ते पटतं. कारण आता आमच्या घरात हे कुकरच्या शिट्ट्यांमध्ये चालतं, आई ओट्याला धरून टाचा उचलते आणि माझा मुलगा तिच्याशेजारी उभा राहून भ्रामरीचा भुंगा करतो, दोघं हसत सुटतात. गुडघे पूर्ण बरे झालेत असं मी म्हणणार नाही, तुम्हीही कधी तसं कबूल केलं नव्हतं. पण ती जिना उतरते, कठड्याला धरून, थांबत थांबत, आणि भाजी स्वतः निवडून आणते.

चमत्कार विकणारे खूप भेटतात, आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे सरळ सांगणारी माणसं फार थोडी. पैसे घेऊनही अशी सचोटी ठेवता येते, आणि तीही कसला गाजावाजा न करता, हे मी तुमच्यामुळे जवळून बघितलं.

आता एक काम आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची बायपास झालीये, आईने त्यांना तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय की त्यांना सोमवारपासून यायचंय. त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय की डॉक्टरांना विचारून, काय चालेल काय नाही ते लिहून घेऊनच जा, बाई पहिल्यांदा तेच मागतील. तेवढं त्यांना बॅचमध्ये घ्या. आणि आईने तुमच्यासाठी घरचं मेतकूट काढून ठेवलंय, ते मात्र नाही म्हणू नका.

तुमच्या खुर्चीवाल्या आजींची मुलगी