क्रँक फिरला, काका!

आदरणीय काका,

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन जाम झालं की पहिला सल्ला मिळतो तो गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायचा. दुसरा सल्ला भंगारात घालायचा. मलाही दोन्ही मिळाले होते. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलेत आणि एवढंच विचारलंत, "ते ठीक आहे, पण जाम नक्की काय आहे?"

खरे आभार या प्रश्नाचे. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, फिरत नाही म्हणजे पिस्टननेच धरलंय असं नसतं. कधी स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाच्या) दात्यांत रुतून बसलेलं असतं, कधी भानगड गिअरबॉक्सची असते. तुम्ही गिअर न्यूट्रलला आणलात, फॅन बेल्ट काढलात, स्टार्टर उतरवलात, आणि मग कुठे क्रँकच्या पुढच्या बोल्टाला पाना लावलात. तोही फक्त अंदाज घेण्यापुरता. केसभरही हललं नाही, तेव्हा पान्याला पाइप लावायला निघालेला माझा हात तुम्ही धरलात. गंजलेल्या इंजिनावर जोर काढला तर बोल्ट तुटतो, पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचा फुटतात, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्त होण्याजोगं इंजिन खरोखर भंगार होतं. हे सगळं तुम्ही समजावलंत ते नंतर. त्या क्षणी नुसतं "ठेव तो पाइप" म्हणालात.

चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट सैल केला तेव्हा आधी स्वच्छ पाणी आलं, बरंच आलं, आणि मग काळं ऑइल. पाणी जड, ते तळाशी बसतं. तेवढ्यावरून तुम्ही हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेल्याचं सांगितलंत. हेड उघडल्यावर ते खरंच निघालं, तिसऱ्या सिलिंडरला लागूनच.

प्लगांच्या भोकांतून सोडलेल्या मिश्रणाबद्दल मात्र आपलं एकमत होणार नाही. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं, हा तुमचा उतारा. दोन्ही एकमेकांत मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची, रंगाला आणि रबराला लागू द्यायचं नाही, आणि आसपास ठिणगी नको. माझं मत अजूनही असं की काम केलं ते मिश्रणापेक्षा मुरण्याने. साधं डिझेल ओतून तितकेच दिवस थांबलो असतो तरी बराच फरक पडला असता. पण थांबलो असतो का, हा प्रश्न आहेच. तुम्ही रोज फोन करून "आज पान्याला हात लावला नाहीस ना?" असं विचारत होतात, म्हणून थांबलो.

हेड काढण्याआधी व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा शाफ्ट सोडवून घेतलात, कारण व्हॉल्व्हही आपल्या गाइडमध्ये चिकटलेले होते आणि तशात क्रँक फिरला असता तर रॉकरला ढकलणारे पुशरॉड वाकले असते. हेडचे नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल. स्टडवर गंजून बसलेलं हेड उचलायला मधल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालू दिला नाहीत. त्या वेळी कंटाळलो होतो, आज तो सपाट, ओरखडा नसलेला पृष्ठभाग बघून बरं वाटतं.

आत चारही पिस्टन जवळपास एकाच उंचीवर, सिलिंडरच्या मध्यावर उभे होते. तीन भिंतींवर नुसती तपकिरी झाक. तिसऱ्यात मात्र गूळ करपल्यासारखा गंजाचा थर. पाणी तिथेच साचून राहिलेलं. मला वाटलं, आता सुरू होणार हातोडा. तुम्ही गाडीखाली सरकलात आणि तिसऱ्या रॉडची क्रँकला धरणारी खालची कॅप सोडवलीत. त्याआधी रॉडवर आणि कॅपवर पंचने ठिपके मारून घेतलेत, कारण एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही आणि उलटीही बसवायची नसते. कॅप निघताच रॉडच्या दोन्ही बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवलेत, क्रँकच्या जर्नलला (रॉड बसतो त्या गुळगुळीत भागाला) चरा पडू नये म्हणून. मग मला म्हणालात, "फिरव."

फिरला! पान्याला दाद न देणारा क्रँक एका हाताने फिरला. सगळं इंजिन जाम नव्हतंच, एक पिस्टन बाकीच्या तिघांना अडवून बसला होता. ओढून किंवा पाइप लावून जोर काढला असता, तर तो सगळा त्या एका रॉडवर गेला असता.

त्या पिस्टनला सोडवायला वेळ लागला, आणि तो बघणं ही माझ्यासाठी पर्वणी होती. पिस्टनचा माथा तापवायचा आणि आपोआप निवू द्यायचा. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे तापल्यावर ते गंजाला चिरडतं आणि निवताना आकसून ऑइलला वाट देतं. मग सिलिंडरपेक्षा किंचित लहान, कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून कडेकडेने हलके ठोके. वर नाही, आधी खाली, कारण खालची भिंत स्वच्छ होती. पिस्टन हलण्याआधी त्याच्या कडेला साचलेलं ऑइल हळूहळू खाली उतरायला लागलं. तुम्ही हातोडी थांबवलीत, बोट दाखवलंत, आणि आणखी ऑइल ओतलंत. थोड्या वेळाने ठोक्याचा टणटणीत आवाज बद्द झाला, तेव्हा पिस्टन सुटला होता. नंतर वरचा गंज घासून काढला, तोंडाशी झिजेने उरलेली कड रीमरने उतरवली, आणि पिस्टन वरून बाहेर घेतला. रिंगा खाचांतच तुकडे होऊन बसलेल्या. मी हळहळलो तर तुम्ही म्हणालात, "पिस्टन नवा मिळेल रे, ब्लॉक कुठून आणशील?"

आता पुढचं. क्रँकचे जर्नल शाबूत आहेत, पॉलिश आणि नवीन बेअरिंगवर भागेल. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचं माप चांगलं आहे. तिसऱ्याच्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे आहेत. बोअरिंगवाल्यांच्या मते 0.50 मिमी ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे सिलिंडर तेवढा मोठा कापून, ते निघून जावेत. तसं झालं तर चारही सिलिंडर त्याच मापाला काढायचे आणि चारही पिस्टन नवे घालायचे. खड्डे उरले तर तिसऱ्यात लायनर, म्हणजे आत बसवायची नवी नळी. मी तिथे "आधी मोजा, मग कापा" असं तुमच्याच आवाजात सांगून आलो आहे, त्यांना ते फारसं रुचलं नाही.

रिंगा आल्या की प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायची आहे. त्या दिवशी तुम्ही यायलाच हवं. हातोडी घरीच ठेवा, चष्मा तेवढा आणा.

तुमचा,
जाम इंजिनवाला